मातीतल्या कीडमार बुरशीची खानेसुमारी: ऊस, बांध, गायरान आणि देवराई

दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात एमएस्सीच्या मुलांचा ठरलेला प्रश्न येतो: "सर, तीस नमुने लावले, एकातही मेटारायझियम नाही. आमच्या मातीत नसेलच का?" मी उलट विचारतो, माती आणली कशी? उत्तरही ठरलेलं. व्ही आकाराचे खड्डे घेतले, दहा ठिकाणची माती घमेल्यात एकत्र केली, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून दिले, उरलेली सावलीत वाळवली, चाळली, कापडी पिशवीत भरली. म्हणजे माती परीक्षणाची पद्धत जशीच्या तशी. नत्र-स्फुरद-पालाशासाठी ती उत्तम आहे. जिवंत बुरशीसाठी तिची जवळजवळ प्रत्येक पायरी चुकीची. माती परीक्षणाला शेताची सरासरी हवी असते. आपल्याला एका जागेचा दुसऱ्या जागेशी असलेला फरक हवा असतो, आणि घमेल्यात नेमका तोच मरतो.

पुढचे टप्पे कोल्हापूर-सांगलीच्या हुमणीग्रस्त (हुमणी म्हणजे उसाची मुळं खाणारी भुंग्याची अळी) ऊसपट्ट्याचं उदाहरण धरून लिहिले आहेत. अधिवास चार: खोडवा ऊस, त्याचाच बांध, गावचं गायरान आणि देवराई. बुरश्या मुख्यतः दोन, दोन्ही किडींच्या अंगात वाढून त्यांना मारणाऱ्या: मेटारायझियम आणि बिव्हेरिया.

टप्पा १: आधी कागदावर

तीन प्रश्न वेगळे आहेत आणि त्यांची हत्यारंही वेगळी. बुरशी किती जागी आहे, हे अळीच्या आमिषाने कळतं (मातीत जिवंत अळी ठेवायची, बुरशी असेल तर ती अळीला मारते). एका ग्रॅम मातीत किती आहे, हे प्लेटवरच्या मोजणीने (माती पाण्यात कालवून खाद्यमाध्यमावर पसरायची आणि उगवलेल्या वसाहती मोजायच्या). ती एकाच वंशाची की अनेक, हे डीएनएने. सगळ्यात जास्त दिसणारी गफलत म्हणजे पहिलं हत्यार वापरून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लिहिणं. "वीसपैकी चौदा अळ्या मेल्या, म्हणून बुरशीचं प्रमाण जास्त" हे वाक्य प्रबंधात दिसलं की परीक्षक पेन उचलतो.

आता नमुन्यांची संख्या. एकाच उसाच्या फडातून वीस नमुने घेतले तरी शेत एकच. 'ऊस' या अधिवासाबद्दल बोलायचं तर वेगवेगळे फड हवेत. मी सहा गावं घ्या म्हणतो. प्रत्येक गावात चारही अधिवास एकमेकांच्या जवळ, प्रत्येक अधिवासात पाच जागा, दोन जागांत निदान दहा-पंधरा पावलांचं अंतर. ६ गुणिले ४ गुणिले ५, म्हणजे १२० नमुने. दोघांना झेपतात. एका गावचा ऊस आणि तिसऱ्याच तालुक्यातली देवराई अशी तुलना केली, तर फरक अधिवासाचा की पावसाचा, हे कधीच कळणार नाही.

प्रत्येक फडाचा तीन वर्षांचा इतिहास शेतकऱ्याकडून लिहून घ्या. हुमणीसाठी मेटारायझियम टाकलं होतं का? वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटच्या बीव्हीएमसारखं कीडमार बुरश्यांचं मिश्रण? ते शेणखतातून की आळवणीतून? पाचट जाळलं की कुजवलं? बुरशीनाशकाची बेणेप्रक्रिया झाली होती का? हे विचारलं नाही, तर विकत आणलेली बुरशीच 'स्थानिक' म्हणून मोजली जाते. असे प्रकल्प मी एकापेक्षा जास्त पाहिले आहेत.

बाहेर काय सापडलंय ते माहीत असावं. कॅनडातल्या ओंटारिओत बिडोचका आणि सहकाऱ्यांना २००१ मध्ये मेटारायझियमचे दोन जनुकीय गट दिसले. त्यांची विभागणी कोणत्या किडीवर वाढतात यावर नव्हती, जंगल की शेत यावर होती. जंगलातला गट थंडीत वाढणारा, शेतातला ऊन आणि उष्णता सोसणारा. डेन्मार्कमध्ये मेलिंग आणि आयलेनबर्ग यांना २००६ मध्ये एकाच सेंद्रिय शेतीत बिव्हेरिया कुंपणाच्या झाडोऱ्यात जास्त, तर मेटारायझियम नांगरलेल्या शेतात जास्त मिळालं. हे थंड मुलुख आहेत. दख्खनच्या मे महिन्यातल्या मातीत असंच असेल, हे गृहीत धरून नमुने घेऊ नका. तपासायचं तेच तर आहे.

तपासा: देवराईसाठी गावकऱ्यांची परवानगी घेतली का? कित्येक देवरायांतून पानसुद्धा बाहेर नेत नाहीत, मग माती तर दूरच. राखीव वन असेल तर वनखात्याची परवानगी लेखी हवी, तोंडी नको.

टप्पा २: माती आणण्याआधी अळ्या तयार

क्रम इथेच उलटा होतो. माती आणून फ्रिजमध्ये ठेवतात, मग अळ्या शोधत फिरतात आणि दोन महिने जातात.

आमिषाला सर्वांत सोयीची मेण पतंगाची अळी, म्हणजे गॅलेरिया. झिमरमन यांनी १९८६ मध्ये मांडलेली ही आमिष पद्धत आजही जगभर वापरात आहे. मधपाळाकडून पोखरलेली जुनी पोळी आणा. गव्हाचा कोंडा, मध आणि ग्लिसरीन यांच्या खाद्यावर, २८ ते ३० अंश सेल्सिअसला, अंधारात वाढवा. अंड्यापासून पतंगापर्यंत साधारण सहा-सात आठवडे लागतात. नमुने घेण्याच्या दोन महिने आधी सुरुवात करा. १२० नमुन्यांना प्रत्येकी पाच म्हणजे ६०० अळ्या, वर नियंत्रणासाठी, म्हणजे निर्जंतुक मातीत तुलनेला ठेवायला, शंभरेक. सगळ्या एका वयाच्या, कोषात जायच्या बऱ्याच आधीच्या. फार मोठ्या घेतल्या तर मातीत जाऊन कोष करतात आणि तुम्ही रिकामे कोष मोजत बसता.

गॅलेरिया जमत नसेल तर ट्रायकोग्रामा (किडींच्या अंड्यांवर वाढणारा मित्रकीटक) तयार करणाऱ्या प्रयोगशाळेतून कोर्सिराच्या, म्हणजे तांदळातल्या पतंगाच्या, अळ्या मिळतात. त्या लहान असतात आणि मेलेली अळी मातीत शोधताना डोळे फुटतात, पण काम होतं. एक मात्र: अर्धे नमुने गॅलेरियावर आणि अर्धे कोर्सिरावर, असं कधीच करू नका. दोन जाती वापरायच्याच तर प्रत्येक नमुन्यात दोन्ही.

गॅलेरियाची अळी मातीत टाकताच रेशमाचं जाळं विणते आणि त्यात सुरक्षित बसते. मातीशी संबंध तुटला की संसर्ग नाही. त्यावर उपाय म्हणजे अळ्या चाळणीत घेऊन ५६ अंशांच्या पाण्यात १० सेकंद बुडवायच्या आणि लगेच गार पाण्यात काढायच्या. अंदाजाने नाही, थर्मामीटर आणि स्टॉपवॉच दोन्ही हवं. आधी दहा अळ्यांवर करून रात्रभर ठेवा. दहाही जिवंत असतील तरच बाकीच्या करा.

सावधान: मेण पतंगाची पैदास मधपेट्यांच्या आसपास नको. आणि बिव्हेरियाचा संशय असलेली कोणतीही डबी रेशीम कीटकांच्या संगोपनगृहाजवळ न्यायची नाही. रेशीम अळीला पांढरा मस्कार्डिन हा रोग होतो तो याच बुरशीने. त्या कपड्यांनिशी तुती तोडायलाही जाऊ नका.

टप्पा ३: माती उचलणे

वेळ: पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबर अखेर ते नोव्हेंबर, जमीन वाफशावर असताना. मे महिन्यात वरची माती तापलेली असते आणि ऊन थेट लागलं की बीजाणू टिकत नाहीत. चिखलातली मातीही नको. चारही अधिवास एकाच आठवड्यात उरका. ऊस ऑक्टोबरात आणि देवराई जानेवारीत घेतली तर तुलना अधिवासांची न होता ऋतूंची होते.

दिवसाचा क्रम: आधी देवराई, मग गायरान, मग बांध, शेवटी ऊस. जिथे बुरशी बाहेरून टाकलेली असण्याची शक्यता सर्वांत जास्त, ती जागा शेवटी. हत्यार कितीही पुसलं तरी बुटाला लागलेली माती पुढच्या ठिकाणी येतेच.

प्रत्येक जागी हे करा:

१. पालापाचोळा किंवा पाचट बाजूला सारा. देवराईत कुजलेल्या पाल्याचा थर जाड असतो. तो हवा असेल तर वेगळ्या पिशवीत, वेगळ्या क्रमांकाने.

२. वरची दोन-तीन सेंटिमीटर माती सोडून १५ सेंटिमीटरपर्यंतची २०० ते २५० ग्रॅम माती खुरप्याने किंवा गिरमिटाने घ्या.

३. उसात सरीतली माती आणि बुडख्याच्या मुळांना चिकटलेली माती वेगवेगळी घ्या. मेटारायझियम मुळांच्या सान्निध्यात जगणारी बुरशी आहे. ओंटारिओतच २०११ मध्ये असं दिसलं की गवताच्या मुळांशी मेटारायझियम रॉबर्ट्सी आढळते, तर झुडपांच्या आणि झाडांच्या मुळांशी दुसऱ्याच जाती. उसाचं कूळ गवताचंच. मुळाची माती एका फडात घेतली आणि दुसऱ्यात सरीची, की निकाल हातातून गेला.

४. प्लास्टिक पिशवीत भरा, थोडी हवा ठेवा, तोंड बांधा. तिच्यावर दुसरी पिशवी आणि दोन्हींच्या मध्ये पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी. मार्करची शाई स्पिरिट लागताच पुसते.

५. खुरपं आधी ब्रशने घासून माती काढा, मग ७० टक्के अल्कोहोलने पुसा. मातीने माखलेल्या खुरप्यावर अल्कोहोल ओतलं तर ओलं होतं, स्वच्छ होत नाही.

६. थर्मोकोलच्या पेटीत सावलीत ठेवा. बर्फाच्या पिशव्या वर्तमानपत्रात गुंडाळून कडेला. दुपारी बंद गाडीच्या डिकीत तास-दोन तास ठेवलेली माती मी तरी टाकून देतो.

नमुने एकमेकांत मिसळायचे नाहीत. पाचाचा एक करायचा नाही. कामात कितीही बचत होवो.

टप्पा ४: प्रयोगशाळेत आल्यावर

४ अंशांना फ्रिजमध्ये (डीप फ्रीझरमध्ये नव्हे), आणि दोन आठवड्यांच्या आत लावून टाका. खडे, मुळं पिशवीतच हाताने काढा. चाळणी वापरायची तर प्रत्येक नमुन्यानंतर धुऊन, पुसून, वाळवून. १२० वेळा हे कोणी करत नाही, म्हणून चाळणीच नको.

प्रत्येक नमुन्यातली १० ग्रॅम माती १०५ अंशांना २४ तास वाळवून ओलावा काढा. हा आकडा टप्पा ६ मध्ये लागतो, आणि तिथे पोचेपर्यंत माती संपलेली असते.

आमिषासाठी ओलावा मुठीने पाहावा: मूठ आवळली की गोळा व्हावा, अंगठ्याने टोचला की फुटावा. काळ्या मातीत पाणी जास्त झालं तर सूत्रकृमी आणि जिवाणू बाजी मारतात. कोरडी पडली तर अळी सुकून मरते आणि बीजाणू उगवतच नाहीत.

टप्पा ५: आमिष लावणे

भोकं पाडलेल्या झाकणाची डबी, १०० ते १५० ग्रॅम माती, पाच अळ्या. तापमान २५ अंशांच्या आसपास, अंधार. पहिला आठवडा रोज एकदा डबी उलटी करायची, म्हणजे अळी मातीतून पुन्हा फिरते. हे काम सगळ्यात कंटाळवाणं आणि रविवारी हमखास चुकणारं आहे. भिंतीवर तक्ता लावा, सही करा.

नियंत्रणाच्या डब्या त्याच दिवशी: १२१ अंशांना दोनदा, मध्ये एक दिवस सोडून, ऑटोक्लेव्ह केलेली तीच माती. या डब्यांत दहापैकी एकापेक्षा जास्त अळी मेली तर ती खेप बाद. नियंत्रण न लावता आलेल्या निकालाला मी निकाल म्हणत नाही.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून पाहायला लागा, दर दोन दिवसांनी, चौदाव्या दिवसापर्यंत. मेलेली अळी १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये एक मिनिट, मग निर्जंतुक पाण्यात तीनदा धुवा. ओल्या टिपकागदाच्या पेट्री डिशमध्ये एकटी ठेवा. धुण्याची पायरी गाळली तर अळीच्या अंगावर नुसती चिकटलेली मातीतली बुरशीही उगवते आणि सगळी गणना फुगते.

प्रेत वाचताना होणाऱ्या चुका:

पांढरा म्हणजे बिव्हेरिया, हे घाईचं निदान आहे. मेटारायझियमही सुरुवातीला पांढरंच दिसतं, हिरवं नंतर होतं. तिसऱ्या दिवशी नाव लिहू नका. सात-दहा दिवस थांबा.

हिरवा म्हणजे मेटारायझियम, हेही नाही. अॅस्परजिलस फ्लेव्हस पिवळसर हिरवा असतो आणि झपाट्याने वाढतो. ट्रायकोडर्माही हिरवा. मेटारायझियमचा हिरवा गडद, शेवाळी, आणि भिंगाखाली बीजाणूंचे उभे खांब किंवा पापुद्रे दिसतात.

अळी विटेसारखी लाल आणि लवचिक असेल तर ती बहुधा हेटरोऱ्हॅब्डायटिस सूत्रकृमीने मेली आहे. काळी, लिबलिबीत, दुर्गंधी येणारी असेल तर जिवाणू. बुरशीने मेलेली अळी ताठ असते. चिमट्याने उचलली की काडीसारखी उचलली जाते.

सावधान: मास्क लावा. बीजाणूंची पूड नाकात गेली तर अॅलर्जी होते, आणि डबीत अॅस्परजिलस निघाला असेल तर धोका त्याहून मोठा. दम्याच्या माणसाने या टप्प्यावर बसू नये.

टप्पा ६: प्लेटवर मोजणी

१० ग्रॅम माती, ९० मिली पाणी, त्यात ०.०५ ते ०.१ टक्का ट्वीन ८० (साबणासारखं काम करणारं द्रव्य). या बीजाणूंना पाणी धरत नाही. ट्वीनशिवाय ते वर तरंगतात आणि पिपेटमध्ये येतच नाहीत. अर्धा तास हलवा, मग दर वेळी दहा पट असं दशमान पातळ करा. प्रत्येक पातळीच्या तीन प्लेट, प्रत्येकीवर ०.१ मिली.

साध्या बटाटा-डेक्स्ट्रोज माध्यमावर दोन दिवसांत म्युकर आणि पेनिसिलियम सगळं झाकून टाकतात, आपली मंद बुरशी खाली गुदमरते. निवडक माध्यम लागतं. डोडीन हे बुरशीनाशक घातलेलं माध्यम बरेच जण वापरतात. ते चांगलंच आहे, पण मेटारायझियमच्या काही जातींना, विशेषतः अॅक्रिडमला, डोडीन सोसत नाही. दुसरा पर्याय: यीस्ट अर्क घातलेलं बटाटा-डेक्स्ट्रोज अगर, लिटरला क्लोरॅम्फेनिकॉल ०.५ ग्रॅम, सायक्लोहेक्झिमाइड ०.२५ ग्रॅम आणि थायाबेंडाझोल १ मिलिग्रॅम. सायक्लोहेक्झिमाइड विषारी आहे. हातमोज्यांशिवाय तोलू नका. कोणतंही माध्यम घ्या, पण आपल्याकडची ओळखीची बुरशी आधी त्यावर वाढवून पाहा. माध्यमच तिला मारत असेल तर मातीला दोष कशाला द्यायचा?

प्लेट ७ ते १४ दिवस ठेवा. हिशोब असा: १०० पट पातळ केलेल्या द्रवाच्या प्लेटवर सरासरी १२ वसाहती. १२ भागिले ०.१, गुणिले १००, म्हणजे ओल्या मातीच्या ग्रॅमला १२,०००. ओल्या मातीच्या वजनात २० टक्के पाणी असेल तर १२,००० भागिले ०.८, म्हणजे कोरड्या मातीच्या ग्रॅमला १५,०००. ओल्या देवराईची आणि कोरड्या गायरानाची तुलना ओल्या वजनावर केली तर आकडा खोटं बोलतो.

शून्याचाही अर्थ ठरवा. १० पट पातळ द्रवाच्या तीन प्लेटवर मिळून एक वसाहत म्हणजे ग्रॅमला सुमारे ३३. त्याखालचं या पद्धतीला दिसतच नाही. तक्त्यात '०' ऐवजी '३३ पेक्षा कमी' लिहा.

टप्पा ७: नाव आणि वंश

सूक्ष्मदर्शकाखाली बिव्हेरियाचे बीजाणू गोल, २ ते ३ मायक्रॉनचे, नागमोडी दांड्यावर. मेटारायझियमचे लांबट, बहुधा ५ ते ८ मायक्रॉनचे, साखळीत. इथवर बिव्हेरिया की मेटारायझियम एवढं कळतं, त्यांतली जात नाही. जुन्या 'मेटारायझियम अॅनिसोप्ली'चे २००९ मध्ये अनेक जातींत विभाजन झालं आणि त्या डोळ्यांनी वेगळ्या ओळखता येत नाहीत. डीएनएतला आयटीएस भागही त्यासाठी अपुरा पडतो. ईएफ-१ अल्फा या जनुकाचा भाग वाचावा लागतो. बिव्हेरियासाठी ब्लॉक नावाचा भाग उपयोगी पडतो. प्रयोगशाळेला नमुना पाठवताना 'बुरशीची ओळख' एवढंच लिहिलंत तर आयटीएस करून देतील आणि पैसे वाया जातील.

पाठवण्याआधी प्रत्येक वसाहतीपासून एका बीजाणूची शुद्ध वाढ तयार करा. एका मेलेल्या अळीत दोन वंश असू शकतात. आणि एकाच डबीतल्या पाच अळ्यांतून आलेले पाच नमुने म्हणजे पाच स्वतंत्र व्यक्ती नाहीत, बहुधा एकाच वंशाच्या प्रती आहेत. विविधता मोजताना एका जागेतली एकसारखी जनुकीय रूपं एकदाच धरा. उसातले वंश दुकानातल्या उत्पादनाशी जुळतात का, हे पाहायला ते उत्पादनही त्याच डीएनए चाचणीत लावा. पाकीट शेतकऱ्याच्या गोठ्यात बहुधा अजून पडलेलं असतं.

टप्पा ८: आकड्यांवर विश्वास किती

दहा जागा पाहिल्या, एकातही बुरशी नाही. तरी त्या अधिवासातल्या २५-३० टक्क्यांपर्यंत जागांत ती असू शकते. तुमच्या नशिबी आल्या नाहीत, एवढंच. तीस जागांत शून्य आलं तर ही वरची मर्यादा १० टक्क्यांवर येते. ढोबळ नियम: ३ भागिले नमुन्यांची संख्या. गायरानात 'नाही' असं लिहिण्याआधी हा भागाकार करा.

विश्लेषणात एकक जागा आहे, अळी नाही. ६०० अळ्या स्वतंत्र धरून काय-वर्ग चाचणी लावली की सगळंच 'लक्षणीय' येतं. जागेला हो किंवा नाही द्या आणि गाव हा गट म्हणून घ्या. सांख्यिकीवाल्याला नमुने घेण्यापूर्वी भेटा. नंतर भेटलात तर तो फक्त हळहळेल.

टप्पा ९: जपून ठेवणे

शुद्ध वाढ मिळाली की तिचे बीजाणू लगेच २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांना ठेवा. सोय नसेल तर तिरक्या माध्यमावर ४ अंशांना, दोन वेगळ्या फ्रिजमध्ये. प्लेटवरून प्लेटवर वारंवार नेली की वसाहतीत पांढरे निर्बीज पट्टे पडू लागतात आणि मारकता घटते. असे पट्टे दिसले तर मूळ साठ्याकडे परत जा. साठा नसेल तर बुरशी अळीतून एकदा पार करून नव्याने वेगळी करा.

शेवटी हुमणीवर चाचणी. गॅलेरिया नाजूक आहे, तिला बरंच काही मारतं. तिसऱ्या अवस्थेतली हुमणी मात्र चिवट असते. मिलीला १ कोटी बीजाणूंच्या द्रवात निरोगी हुमण्या बुडवून, प्रत्येकीला वेगळ्या डबीत मातीत ठेवा. एकत्र ठेवल्या तर एकमेकींना चावतात आणि जखमेने मेलेल्या बुरशीच्या खात्यात जातात. महिनाभर पाहा. मेलेल्या हुमणीवर तीच बुरशी उगवली, ती पुन्हा शुद्ध केली आणि पहिल्या साठ्याशी जुळली, की त्या बाटलीवर गाव, अधिवास, खोली, तारीख आणि अळीचा क्रमांक लिहून झाकण लावा.